मास्कआडच्या कळा

बाई बाळंत व्हायला किती वेळ आहे, हे मी तिच्या ओठांवरून सांगायचे. तपासणी डॉक्टर मॅडम करायच्याच, कागदावर लिहायच्याही. पण सत्तावीस वर्षं लेबर रूममध्ये काढल्यावर मला दारातूनच कळायचं. कळा नुसत्या सुरू झाल्या असतील तर बाई ओठ घट्ट मिटून घेते. अर्ध्या वाटेवर आली की ओठ सुकतात आणि ती ते जिभेने सारखे ओले करत राहते. अगदी शेवटी वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब येतात आणि खालचा ओठ सैल पडतो, झोपेत पडतो तसा. तो सैल पडला की मी मावशींना म्हणायचे, ‘मॅडमना बोलवा.’ मॅडम वर जेवत असल्या तरी ताट सारून खाली यायच्या. ‘तुझे डोळे म्हणजे माझं अर्धं मशीन आहे,’ असं एकदा म्हणाल्या होत्या. त्या कुणाचं कौतुक करत नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

आमचं प्रसूतिगृह शनिवार पेठेत. खाली दवाखाना आणि लेबर रूम, मधल्या मजल्यावर बाळंतिणींच्या खोल्या, सगळ्यात वर मॅडमचं घर. मी कामाला लागले तेव्हा आसपासच्या पेठांमधल्याच बायका यायच्या. मग हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या, पगार वाढले, त्या बायकांचे मुलगे कोथरूड-कर्वेनगरला फ्लॅट घेऊन गेले. पण बाळंतपणाला बायकोला घेऊन यायचे ते इकडेच, कारण त्यांचा स्वतःचा जन्म इथला. या मुली येताना छापील कागद आणायच्या. दिवे मंद हवेत, अमुक गाणी हवीत, तमुक इंजेक्शन नको. एकीने तर कळांच्या वेळा टिपायला लॅपटॉपवर तक्ता केला होता आणि दोन कळांच्या मधे ती तो भरत बसली होती. मी म्हटलं, ‘अगं बाई, बाळाला तक्ता वाचता येत नाही.’ तर म्हणाली, ‘पण सिस्टर, ट्रेंड दिसतो ना.’ मला त्यांची गंमत वाटायची. खरी कळ आली की कागद खाली पडायचा, आणि ओठ सगळ्यांचे सारखेच सुकायचे.

मग करोना आला आणि ओठ दिसायचे बंद झाले.

मॅडमनी दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला: ‘आत येणाऱ्या प्रत्येकाने मास्क लावावा. प्रत्येकात बाळंतीणही येते.’ पुण्याच्या मुलींना तोंड झाकायला शिकवायची खरं तर गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं त्या दुचाकीवर कपाळापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून फिरतात. सख्खी आई सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली तरी ओळखणार नाही. पण स्कार्फ घरी पोचल्यावर सुटतो. हा सुटत नव्हता. कळ आली तरी मास्क नाकावर, जोर लावायची वेळ आली तरी नाकावर, बाळ छातीवर ठेवलं तरी नाकावर. सोबत नातेवाईक कुणीही नाही. आई नाही, नवरा नाही.

हा नियम मी मॅडमपेक्षा कडक पाळायचे. का, ते सांगून टाकते. घरी माझे वडील होते, ऐंशी ओलांडलेले, पोस्टातून निवृत्त झालेले, दम्याचे. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणताना ‘सरणं गच्छामि’पर्यंत त्यांचा श्वास पुरायचा नाही. मधे थांबायचे, मग पुन्हा तिथूनच सुरू करायचे. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत मी त्यांच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसून जेवायचे. माझ्याबरोबर शिकलेली एक सिस्टर त्या उन्हाळ्यात गेली. तिचं तोंड शेवटचं बघायलाही मिळालं नाही. मला मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती ही, की जेवणाच्या रिकाम्या डब्याबरोबर मी ते घरी घेऊन जाईन. म्हणून प्रत्येक पहिलटकरणीला मी दारातच बजावायचे, ‘मला विचारल्याशिवाय मास्क खाली येता कामा नये. आला, तर मी खोलीत थांबणार नाही.’ थांबले असतेच हो. पण थोडा धाक लागतो.

सकाळी स्कूटरवरून येताना डेक्कनपासूनच अंगावर काटा यायचा. सिग्नल लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, आणि त्याच्यासमोर मी एकटी. कुणी बघत नसताना सिग्नल पाळणारी पुण्यातली मी पहिलीच असेन. बुधवार पेठेतल्या दुकानांच्या शटरवर धूळ बसली होती आणि गणपतीच्या देवळासमोर फुलवाल्यांच्या नुसत्या फळ्या उरल्या होत्या. पेठांचे बोळ पत्रे ठोकून बंद केलेले, म्हणून बुधवारातून असा वळसा. आमच्या गल्लीच्या अलीकडच्या बोळातून रोज एक म्हातारा आवाज यायचा. माणूस कधी दिसला नाही, पत्रा माझ्या डोक्यापेक्षा उंच होता. स्कूटरचा आवाज ऐकला की तो विचारायचा, ‘सिस्टर, काल किती?’ सगळं शहर तेव्हा मेलेल्यांचे आकडे विचारत होतं. मी सांगायचे, ‘दोन. एक मुलगा, एक मुलगी.’ ‘उत्तम,’ असं म्हणून तो गप्प व्हायचा. एक दिवस मी स्कूटर हळू केली आणि आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. पत्र्यावर थाप मारून बघावी असं मनात आलं, पण मारली नाही.

दवाखान्यातलं वेगळंच. एसी बंद ठेवायचा होता, म्हणून लेबर रूमच्या खिडकीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला होता. तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आमच्या अंगावर पांढरे पीपीई किट, कानांवरून घट्ट टोपी, तोंडावर दोन मास्क, त्यावर प्लॅस्टिकची काच. हलले की त्या किटचाच चुरचुर आवाज कानात भरायचा. छातीवर आणि पाठीवर मार्करने लिहिलेलं असायचं, ‘सिस्टर’, ‘मावशी’, ‘डॉ.’, नाहीतर आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. एकदा औषधांच्या कपाटापाशी एक पांढरी आकृती वाटेत उभी दिसली. मी म्हटलं, ‘मावशी, जरा सरका.’ ती सरकेना. मी पुन्हा म्हटलं. मग लक्षात आलं की ती कपाटाच्या काचेत मीच होते. मावशी खोलीत नव्हत्याच.

वासही गेला होता. बाळाभोवतीची पाणमोट फुटल्याचा वास मी झोपेतही ओळखेन, पण दोन मास्कच्या आत मला फक्त माझाच श्वास यायचा. बायका यायच्या, बाळंत व्हायच्या, चौथ्या दिवशी घरी जायच्या. त्या वर्षातला एकही चेहरा मला आठवत नाही. डोळे आठवतात, तेही कुणाचे कुणाला लागतील असे.

ती त्यातलीच एक. कर्वेनगरची, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहणारी, कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. तिची आई नांदेडला अडकलेली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद. सकाळी नऊच्या सुमाराला नवऱ्याने तिला दारात सोडलं. दारापासून फुटपाथपर्यंत आम्ही अंतरासाठी पांढरे गोल रंगवले होते. कळ आलेली असताना ती मुलगी पहिल्या गोलात जाऊन उभी राहिली. रांगेत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, ‘अगं ये, ये.’ तेव्हा आली. शाळेत हिने कधी रांग मोडली नसणार.

वॉचमनने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. दवाखान्यात ते यंत्र तेव्हा एकच मिळालं होतं आणि ते दारात ठेवलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोट बघायला. आकडा चांगला आला. ‘शेवटपर्यंत ठीक राहील अशीच दिसतेय,’ असं मी मनात म्हटलं. तिच्या तोंडावर दोन मास्क होते. आत जाड एन-नाइंटीफाइव्ह आणि वरून सासूबाईंनी डोहाळजेवणाच्या साडीच्या कापडाचा शिवलेला हिरवा. माझं ठरलेलं वाक्य मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, ‘हो सिस्टर. मी नाही काढणार.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘मी ऑनलाइन ब्रीदिंगचा क्लास केलाय.’ मी म्हटलं, ‘छान. मग मला काही कामच नाही.’

नवरा खाली गाडीत बसून होता. मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. वॉचमनबरोबर निरोप पाठवायचा, ‘सिस्टर, प्लीज तिला सांगा, मी इथेच पार्किंगमध्ये आहे. आत रेंज नाहीये.’ मी तो निरोप तिच्या कानाशी ओरडून सांगायचे आणि ती मान डोलवायची.

दुपार झाली. खिडकीतून ऊन यायला लागलं आणि किटच्या आत माझा युनिफॉर्म अंगाला चिकटला. ती ओरडत नव्हती. इतर मुली पलंगाची दांडी धरून आईला हाका मारतात, नवऱ्याचा उद्धार करतात. ही दांडी धरून माझ्याकडे बघत राहायची. प्रत्येक कळेला तिचे डोळे बारीक व्हायचे, कडांना बारीक सुरकुत्या पडायच्या, आणि हिरवा मास्क भराभर आत-बाहेर व्हायचा. क्लासमध्ये शिकवलेला श्वास चाललाय, असं मी धरून चालले. मावशी तिचे पाय चोळत होत्या. त्या मला ओरडून म्हणाल्या, ‘लई गुणाची पोर हाय, सिस्टर. बघा की, हसतीया!’

मी बघितलं. खरंच हसत होती. मी तिला अंगठा दाखवला, ‘शाब्बास’ म्हटलं. सवयीने माझी नजर डोळ्यांवरून खाली ओठांकडे जायची आणि त्या हिरव्या कापडावर आपटायची. मग पुन्हा वर डोळ्यांकडे. डोळे हसतायत म्हणजे अजून बराच वेळ आहे, असा मी हिशोब केला. अजून दोन तास तरी. मॅडमना निरोप पाठवला की निवांत जेवा.

बाळाचे ठोके मी दर अर्ध्या तासाला ऐकायचे. ते यंत्र मात्र मोठ्याने बोलतं, पंख्याच्या वरताण. अडीचला लावलं तेव्हा पळत्या पावलांसारखे ठोके ऐकू आले, असायला हवेत तसे. मी खूण केली आणि पट्टा काढायला गेले, तेवढ्यात ठोके संथ झाले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजले. पुन्हा मोजले. अजून संथ. इतके, की दोन ठोक्यांच्या मधे मी वाट बघायला लागले. मी तिला डाव्या कुशीवर वळवायला तिचा हात धरला तर तो माझ्या हातात नुसता येऊन पडला. डोळे तसेच बारीक, कडांना सुरकुत्या, पण ते आता माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत होते.

मी दोन्ही मास्क एकदम ओढून काढले. आत उलटी होती. कधी झाली होती कोण जाणे, जाड मास्क भिजून तिच्या नाकातोंडाला लगद्यासारखा चिकटला होता. तिचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं ते असं. ओठ जांभळाचा रस लागावा तसे. खालचा ओठ पूर्ण सैल पडलेला, आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. तासाभरापूर्वी मॅडमना बोलवायला हवं होतं.

मी बोटाने तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला, ‘मावशी, मॅडम!’ म्हणून ओरडले. मावशी पाठमोऱ्या कापड घडी करत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. मी सलाइनचा स्टँड लाथेने पाडला, तेव्हा त्या वळल्या आणि जिन्याकडे धावल्या. मॅडम आल्या तेव्हा त्यांनी किट घातलं नव्हतं, नुसता मास्क होता, हाताला वरणभात तसाच. हात धुवून त्यांनी तपासलं. म्हणाल्या, ‘डोकं इथे आहे. इथे! तू काय करत होतीस?’ मी ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडावर धरून उभी राहिले आणि तिचे ओठ बघत राहिले. मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. वडील, आजार, मी, काहीच आठवत नव्हतं. फक्त त्या ओठांचा रंग पुन्हा यावा.

जांभळे होते ते राखाडी झाले. मग फिक्कट. मग कुठे तिने खोकून मोठा श्वास ओढला, आणि मॅडम ओरडल्या, ‘आता, आता जोर लाव.’ व्हॅक्यूम लावून मुलगी बाहेर काढली. ती रडली नाही. मॅडमनी तिला पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पिशवीने हवा दिली. पंखा घरघरत होता. मग मांजराच्या पिल्लाएवढा आवाज आला, आणि नंतर चांगला मोठा. मावशी जमिनीवर बसूनच रडायला लागल्या.

दोघी वाचल्या. दोघींचे रिपोर्टही निगेटिव्ह आले, म्हणजे तो मास्क कुणाला कुणापासून वाचवत होता, हे देवच जाणे, आणि माझा त्यावर विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी दारावरच्या कागदातलं ‘प्रत्येकात बाळंतीणही येते’ हे वाक्य मॅडमनी पेनाने खोडलेलं होतं. मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घरी गेले, बाहेरच अंघोळ केली, वडिलांपासून लांब बसून जेवले. मला स्वतःची किळस आली होती. ओरडणाऱ्या बायकांना मी सत्तावीस वर्षं गप्प बसायला सांगत आले, आणि एक गप्प बसली तर मला ती हसताना दिसली. चार दिवस ती वरच्या खोलीत होती. रोज मी ठरवायचे की आज माफी मागायची, आणि रोज तिचा ताप बघून, टाके बघून खाली यायचे. ती म्हणायची, ‘थँक्यू सिस्टर.’ मग ती घरी गेली. सव्वा महिन्याने तपासणीला येईल तेव्हा सांगायचंच, असं मी ठरवलं. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं, तरी मी त्या गल्लीतून जायचं टाळायला लागले.

ती आली. मॅडम वर होत्या. खिडकीपाशी बाकावर ती बाळ मांडीवर घेऊन बसली होती, साधा निळा मास्क लावून. मी बाळाचं वजन केलं, चांगलं भरलं. मग मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि पाठ करून ठेवलेलं बोलले. ‘त्या दिवशी माझं चुकलं गं. तुझा जीव गुदमरत होता आणि मला कळलंच नाही. तू हसतेयस असं मला वाटलं. मला माफ कर.’

ती गोंधळली. ‘अहो सिस्टर, असं काय म्हणताय? तुम्हाला माहीत होतं की.’

‘काय माहीत होतं?’

‘मी तुम्हाला विचारत होते ना सारखी. उलटी झाल्यापासून. प्रत्येक कळेला. काढू का सिस्टर, थोडा वेळ काढू का. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि मान हलवून नाही म्हणायचात.’ हे तिने बसचा रस्ता सांगावा तसं सांगितलं, तक्रार अशी काहीच नाही. ‘म्हणून मग नाही काढला.’

मला त्या खोलीतला पंखा पुन्हा ऐकू आला. तो हिरवा मास्क भराभर आत-बाहेर होत होता, तो श्वास नव्हता. ती बोलत होती. पाच-सहा हातांवरून, माझ्या डोळ्यांत बघून, ती मला विचारत होती. आणि मी उत्तर देत होते. किटमध्ये घाम कपाळावरून सरळ डोळ्यांत उतरतो. काचेच्या आत हात घालता येत नाही, पुसता येत नाही. त्या वर्षी आम्ही सगळ्याच जणी मान झटकायला शिकलो होतो, डावीकडे, उजवीकडे, दोन-तीनदा, म्हणजे थेंब भुवईवरून कानाकडे जातो. दिवसातून किती वेळा झटकायचो त्याची शुद्धही नसायची. नक्की कधी झटकली, किती वेळा, ते मला आता आठवणं शक्य नाही. तिला आठवत होतं.

‘मी नाही म्हणाले नव्हते,’ मी म्हटलं.

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग वर बघितलं आणि खरंच कळावं म्हणून विचारावं तसं विचारलं, ‘मग कोण म्हणत होतं?’

घामाचं सांगता आलं असतं. खरं होतं, आणि तिने विश्वासही ठेवला असता, ती सगळ्यावरच ठेवायची. पण मान हलायच्या कितीतरी आधी, सकाळी दारातच, मी तिला नाही म्हणून ठेवलं होतं. बाकी काय, ती नुसती पुन्हा पुन्हा विचारून बघत होती.

‘मीच,’ मी म्हणाले.